टॉर्शन बारचा बोल्ट आधी की अलाइनमेंट आधी? डबल कॅब पिकअप डावीकडे बसलाय

शिवारगाडी (नारायणगाव)
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं वाचत नेहमीच असतो, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय.

गाडी स्कॉर्पिओ गेटअवे, डबल कॅब, फोर व्हील ड्राइव्ह. जुनी घेतलेली आहे. पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब, उंची तिच्या टोकाकडच्या बोल्टानं लावतात), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). सीझनला टोमॅटोची क्रेट मार्केटला पोचवायची, एरवी खताच्या गोणी, पाइप, ड्रिपचं सामान. हौदा रिकामा असा क्वचितच. अधूनमधून माळशेज उतरून कल्याणलाही जाणं होतं.

गाडी समोरून बघितली की डावीकडे कलंडलेली दिसते. शेडमधल्या सपाट कोब्यावर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावली. डावी बाजू उजवीपेक्षा २२ मिमी कमी भरते. डाव्या पुढच्या टायरची आतली कड खाल्ली गेलीय. सरळ रस्त्याला फारशी ओढत नाही, पण ब्रेक मारला की नाक डावीकडे जातं. ओल्या रस्त्यावर तर घाटात भीती वाटते.

मध्यंतरी एका ठिकाणी अलाइनमेंट (चाकांचे कोन लावून घेणं) केली, टायरची कड खाणं थांबलं नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं "डावा बार बसलाय, बोल्ट आवळला की काम झालं" म्हणत एअर गन हातात घेतली. मी थांबवलं. तिसरा म्हणतो दोन्ही बार बदला.

आता मला कळेना झालंय. बोल्ट आवळायचा का? किती? आणि अलाइनमेंट त्याच्या आधी करायची की नंतर?


पानापेटी (कोल्हापूर)
सोमवार, रात्री १०:१५

शिवारगाडी, एअर गन थांबवलीत ते उत्तम केलंत. गंजलेल्या ताणातल्या बोल्टावर गन चालवली की आटे जातात, आणि मग सगळा बार उतरवल्याशिवाय गत्यंतर नसतं.

क्रम विचाराल तर उंची आधी, अलाइनमेंट नंतर. ह्यात दुसरं मत नाही. पुढची उंची बदलली की खालचा आणि वरचा आर्म (चाक चेसिसला जोडणारे दांडे) आपला कोन बदलतात, त्याबरोबर कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) बदलतो, टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो म्हणजे टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतो. त्यामुळे आधी अलाइनमेंट करून मग बोल्टाला हात लावला तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात.

पण त्याच्याही आधी काही गोष्टी सांगा. चारही टायर एकाच मापाचे आहेत का? हवा किती? पुढे लोखंडी गार्ड बसवलाय का? आणि मागची बाजू मोजलीत का? तुमच्या पोस्टमध्ये मागच्या चाकांचा उल्लेखच नाही, मला खरी शंका तिथली आहे.

आणखी एक. मडगार्डवर माप घेऊ नका. पत्रा कधी ठोकलेला असतो, कधी बॉडीचे रबर माउंट एका बाजूला दबलेले असतात. माप आर्मवर घ्यायचं. खालच्या आर्मचा चेसिसकडचा जो बोल्ट आहे त्याच्या केंद्राची जमिनीपासून उंची घ्या. मग त्याच आर्मच्या चाकाकडच्या टोकाला बॉलजॉइंटची उंची घ्या. दोन्हींतला फरक लिहून ठेवा, डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा. ह्या फरकात टायरची झीजही येत नाही आणि पत्र्याची चूकही येत नाही. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये उंची बहुधा अशाच पद्धतीनं दिलेली असते.

माप घेण्याआधी गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला आणि बंपरवर दाब देऊन हलवा. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या माप घेतलं तर चाकं आत ओढलेली राहतात, गाडी उंच दिसते.


रानोमाळ (निफाड)
सोमवार, रात्री ११:०२

वाचतोय. माझ्या जुन्या क्वालिसलाही पुढे टॉर्शन बारच आहे. टवेरा, जुनी सफारी, २०१० ची थार, सगळ्यांना हेच.

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. द्राक्षाच्या पेट्या भरल्यावर पुढून मऊ वाटायची म्हणून दोन्ही बोल्ट आवळून घेतले. गाडी कडक झाली, खड्ड्यात खाली आपटायची थांबली. त्यामुळे बोल्ट आवळला की सस्पेन्शन कडक होतं असं माझं मत आहे.


सुभेदार_काका (सातारा)
मंगळवार, सकाळी ६:३०

मी ईएमईतून (लष्कराच्या गाड्या-रणगाडे दुरुस्त करणाऱ्या दलातून) निवृत्त झालो. नगरला असताना टी-७२ वर काम केलं. त्या रणगाड्याच्या प्रत्येक बाजूला सहा चाकं, आणि प्रत्येक चाकाला तळातून आडवा जाणारा एक टॉर्शन बार. पिकअपमध्ये तोच बार चेसिसला समांतर, लांबीच्या दिशेनं बसतो. तत्त्व एकच, त्यामुळे दोन गोष्टी सविस्तर सांगतो.

बार म्हणजे सरळ पोलादी कांब. एक टोक खालच्या आर्मला, दुसरं टोक मागे चेसिसच्या आडव्या मेंबरमध्ये एका छोट्या दांड्याला. चाक वर गेलं की आर्म फिरतो आणि बारला पीळ पडतो. हा पीळच स्प्रिंगचं काम करतो. मागचा तो दांडा ज्या बोल्टावर टेकतो, तो तुमचा उंचीचा बोल्ट.

आता रानोमाळ यांचा मुद्दा. बारचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: पोलाद, जाडी आणि लांबी. जाडीचा तर चौथा घात लागतो, म्हणजे व्यास १० टक्के वाढवला की बार सुमारे ४६ टक्के कडक होतो. बोल्ट फिरवून ना जाडी बदलते ना लांबी. बोल्ट फक्त बारचं मागचं टोक थोडं फिरवतो, म्हणजे पीळ कुठून सुरू होणार ती जागा बदलते. गाडीचं वजन तेच, म्हणून बारमधला पीळही जवळजवळ तेवढाच राहतो, फक्त गाडी वर उचललेली दिसते.

आकड्यात बघा. समजा बार २६ मिमी जाड आणि १२०० मिमी लांब, खालचा आर्म ३५० मिमी, चाकावर स्प्रिंगनं पेलायचं वजन ५०० किलो. अशा बारला एक अंश पिळायला साधारण ५१ न्यूटन-मीटर लागतात, आणि गाडी नुसती उभी असताना बार ३३ अंशांच्या आसपास पिळलेला असतो. चाकाशी कडकपणा निघतो दर मिलिमीटरला सुमारे २४ न्यूटन, म्हणजे ढोबळमानानं अडीच किलो. बोल्ट आवळा नाहीतर सैल करा, हा आकडा हलत नाही.

मग गाडी कडक का वाटली? चाकाला वर जायला आणि खाली लोंबायला मिळून ठरावीकच जागा असते. गाडी वर उचलली की खाली लोंबायची जागा तेवढी कमी होते. खड्ड्यात चाक खाली जायला गेलं की लगेच आर्म रबरावर जाऊन टेकतो, धक्का थेट चेसिसला. तो धक्का आपल्याला कडकपणा वाटतो. खाली आपटणं थांबलं हे खरं, कारण वरची जागा वाढली. पण ती जागा खालच्या जागेतून घेतलेली आहे.


रानोमाळ (निफाड)
मंगळवार, सकाळी ८:१०

काका, पटलं. स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून "टक" असा आवाज हल्ली येतो, तो हाच का?


सुभेदार_काका (सातारा)
मंगळवार, सकाळी ८:२५

बहुतेक हाच. शॉकअबझॉर्बर पूर्ण लांब होऊन ओढला जातोय का तेही बघा, तसा तो फार टिकत नाही. पेट्या भरल्यावर गाडी बसत असेल तर मागचे पाटे तपासा. हौद्यातलं ओझं मुख्यतः मागच्या धुरीवर येतं, पुढचा बोल्ट आवळून ते पेललं जात नाही.


शिवारगाडी (नारायणगाव)
मंगळवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. आज मापं घेतली.

टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. हवा कमी होती, बरोबर करून घेतली. पुढे लोखंडी गार्ड आहे, आधीच्या मालकानं बसवलेला. हौदा रिकामा करून, पानापेटी यांनी सांगितलं तसं गाडी ढकलून, दाबून, आर्मवर माप घेतलं. डावीकडे फरक ३१ मिमी, उजवीकडे ५१ मिमी. म्हणजे २० मिमीचा खराखुरा कल आहे, राहिलेले २ मिमी पत्र्याचे असावेत.

मागेही डावी बाजू खाली आहे. पण घरच्यांचं म्हणणं, पुढून बसली म्हणून मागूनही कलली असेल.


पानापेटी (कोल्हापूर)
मंगळवार, रात्री १०:०५

उलटही असू शकतं, आणि ते तपासायची सोपी पद्धत आहे. ह्या धाग्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं काम समजा, कारण बहुतेक गॅरेजात हे कुणी करत नाही.

पुढची चाकं जमिनीवरच ठेवा, स्टिअरिंग सरळ. मागे चेसिसच्या आडव्या मेंबरच्या बरोब्बर मध्यभागी ट्रॉली जॅक लावा आणि मागची बाजू इतकी उचला की दोन्ही पाट्यांवरचं ओझं गेलेलं असेल. दोन्ही बाजूंना चेसिसखाली अगदी जवळ घोडी (लोखंडी स्टँड) ठेवा, टेकू देऊ नका, पण जॅक सुटला तर गाडी घोडीवर बसली पाहिजे. गाडीखाली शिरायचं नाही. आता मागची बाजू एकाच बिंदूवर तोललेली आहे, त्यामुळे मागचे पाटे गाडीला कुठल्याच बाजूला कलवू शकत नाहीत. पुढे राहील तो कल फक्त पुढच्या बारांचा. पुन्हा आर्मवर माप घ्या. कल गेला तर दोष मागे, जसाच्या तसा राहिला तर दोष पुढे.

ह्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे बोल्टाला घाईनं हात का लावायचा नाही ते कळेल. एक पाय आखूड असलेली बाज जशी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभी राहते, तसंच चेसिसचं असतं. मागचा डावा पाटा बसला की मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक हलकं होतं, पुढचं डावं आणि मागचं उजवं जड. पुढचं डावं जड झालं म्हणून तिथं गाडी बसलेली दिसते. त्यात तुम्ही पुढचा डावा बोल्ट आवळलात तर गाडी डोळ्यांना सरळ दिसेल, पण पुढचं डावं आणि मागचं उजवं अजून जड होईल. पुढचं उजवं चाक आणखी हलकं. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की हलकं चाक आधी लॉक होणार आणि गाडी जड चाकाकडे, म्हणजे डावीकडे फिरणार. तुमची ब्रेकची तक्रार नेमकी तशीच आहे.


कोकणी_माणूस (दापोली)
मंगळवार, रात्री १०:४०

पानापेटी, हे जपून ठेवण्यासारखं आहे.

आमच्याकडच्या खाऱ्या हवेसाठी थोडी भर. बोल्टाला हात लावायची वेळ येईल तेव्हा आदल्या दिवशीच तारेच्या ब्रशनं आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. मग पुढून चेसिसला उचलून चाकं लोंबती करा, म्हणजे बोल्टावरचा ताण पुष्कळ कमी होतो. गाडीचं सगळं वजन बोल्टावर असताना फिरवला तर आटे खरवडून निघतात. लॉकनट आधी सोडा. आणि सुरुवात करण्याआधी बोल्ट किती बाहेर आलाय ते व्हर्नियरनं मोजून लिहा, डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण करा. मूळ जागेवर परत यायचं झालं तर तेवढाच आधार असतो.

बोल्ट पूर्ण काढायचा मात्र नाही. ज्या गाड्यांत बार उतरवायला वेगळं साधन लागतं तिथं त्या साधनाशिवाय प्रयत्नही करू नका. दांडा सुटला तर हाड मोडेल इतक्या जोरात येतो.


टेक्सासकर (ह्यूस्टन)
बुधवार, पहाटे ५:१५

माझं मूळ गाव मंचर, म्हणून धागा बघून राहवलं नाही.

इथं माझ्याकडे शेव्हीची २५०० एचडी आहे, तिलाही पुढे टॉर्शन बार. ह्या गाड्यांत मागच्या दांड्याला 'की' (key) म्हणतात आणि ती सोडवायला सी आकाराचं स्क्रूचं साधन लागतं, कोकणी_माणूस म्हणतात ते अगदी खरं. इथं पिकअपचं नाक मागच्या बाजूइतकं उंच करायची फार हौस आहे, त्यासाठी वेगळ्या कोनाच्या 'की' विकतात. जाहिरात अशी असते की मूळ बोल्ट आवळण्यापेक्षा त्या चांगल्या. प्रत्यक्षात बार तोच राहतो, पीळ तोच, फक्त बोल्टाला फिरायला जास्त जागा मिळते. उंची तेवढीच वाढवली तर परिणामही तोच.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत उंची वाढवण्याचा फटका पुढच्या एक्सलच्या सीव्ही जॉइंटला (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या वाकत्या सांध्याला) बसतो. कोन वाढला की रबरी बूट घड्यांमध्ये घासून फाटतो, ग्रीस उडतं आणि जॉइंट जातो. गेटअवेलाही पुढे ड्राइव्ह आहे म्हणून लिहितोय. बसलेली उंची मूळ आकड्यावर आणणं वेगळं, आणि दिसायला छान म्हणून त्याच्या वर नेणं वेगळं.


शिवारगाडी (नारायणगाव)
गुरुवार, सायंकाळी ७:३०

जॅकवाली तपासणी केली. मागची बाजू मध्यभागी तोलल्यावर पुढचं माप डावीकडे ३८, उजवीकडे ४४. म्हणजे २० चा फरक एकदम ६ वर आला. उजवी बाजू चक्क खाली आली आणि डावी वर गेली. बघून मलाच नवल वाटलं.

मग मागचे डावे पाटे धुऊन घेतले. चिखल निघाल्यावर दिसलं, वरून दुसरं पान यू बोल्टच्या अगदी जवळ तुटलंय. मुख्य पान शाबूत आहे म्हणून गाडी चालत होती. फट इतकी बारीक की पाणी मारल्याशिवाय कळलं नसतं. मातीनं ती पुरती भरली होती, आणि तुटलेल्या कडेवर जुना गंज चढलेला. तुटून बरेच महिने झाले असावेत.

पाटे कारागिराकडे दिलेत. दोन्ही बाजूंची पानं बघून घ्यायला सांगितलंय.


सुभेदार_काका (सातारा)
गुरुवार, रात्री ८:००

छान शोधलंत. बार बदलायचा खर्च वाचला.

आता राहिलेले ६ मिमी. त्याआधी तो गार्ड काढा. वजन किती आहे त्याचं?


शिवारगाडी (नारायणगाव)
गुरुवार, रात्री ८:४५

काढला. क्रेटच्या काट्यावर ठेवला, ४८ किलो.


सुभेदार_काका (सातारा)
गुरुवार, रात्री ९:१०

४८ किलो पुढच्या धुरीच्या ८० सेंटीमीटर पुढे टांगलेले होते आणि दोन धुरींमधलं अंतर ३ मीटर आहे असं धरा. मागची धुरी हा टेकू मानला तर पुढच्या धुरीवर ४८ नाही, सुमारे ६१ किलो येत होते. म्हणजे प्रत्येक चाकावर ३० किलो. वरच्या हिशोबात अडीच किलोला एक मिलिमीटर, तेव्हा दोन्ही बाजू साधारण १२ मिमी दबलेल्या होत्या. बार बसलाय असं गॅरेजवाल्यांना वाटायला हेही एक कारण झालं.

आणि गार्ड परत लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ त्याला लागू होतं. कायदा बाजूला ठेवला तरी पायी चालणाऱ्याला तो गार्ड लागला तर काय होतं ते मी पाहिलंय. बाजारपेठेच्या गावात तर नकोच.


अलाइनमेंट_पिट (चाकण)
गुरुवार, रात्री १०:३०

मी अलाइनमेंटच्या मशीनवरच काम करतो. हा धागा वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ पिकअपना "फक्त टो लावून द्या" एवढंच सांगितलेलं असतं.

शिवारगाडी, पाटे बसले आणि उंची लागली की मशीनवर जाण्याआधी खालचे-वरचे बॉलजॉइंट, आर्मचे बूश, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंग हलवून बघून घ्या. ह्यातलं एकही सैल असेल तर आकडे मशीनवर बरोबर येतात आणि रस्त्यावर गेल्यावर बदलतात. हौदा नेहमी भरलेला असतो म्हणालात, तर मशीनवर गाडी कशी उभी करायची ते मॅन्युअलप्रमाणे ठरवा. बहुतेक मॅन्युअल रिकाम्या गाडीचा आकडा देतात. ओझं टाकून रिकाम्याचा आकडा लावला तर चूक होते.

मशीनवर आधी कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा बाजूनं दिसणारा कल) आणि कॅम्बर, शेवटी टो. वरच्या आर्मच्या शिम (पातळ चकत्या) काढल्या-घातल्या किंवा एक्सेंट्रिक बोल्ट फिरवला की टो हलतोच, म्हणून टो सगळ्यात शेवटी. टो लावताना स्टिअरिंग सरळ करून लॉक केलंय ना हे उभं राहून बघा. आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही प्रिंट मागा, लाजायचं काही कारण नाही.

ओढण्याबद्दल: गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह त्या बाजूला ओढते, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी पॉझिटिव्ह त्या बाजूला ओढते. त्यामुळे एकेक आकडा मर्यादेत आहे एवढ्यावर समाधान मानू नका, डाव्या-उजव्यातला फरकही बघा.

टायरवरून हात फिरवूनही बरंच कळतं. तळवा पट्ट्यांवर आडवा फिरवा. आतून बाहेर जाताना कडा बोचत असतील तर टो-इन जास्त, बाहेरून आत येताना बोचत असतील तर टो-आउट. दोन्हीकडून गुळगुळीत आणि नुसती आतली बाजू झिजलेली असेल तर कॅम्बरकडे बघा.


रानोमाळ (निफाड)
शुक्रवार, सकाळी ७:५०

मशीन जवळ नसेल तर घरी टो बघता येतो का? आमच्याकडून शहर लांब पडतं.


अलाइनमेंट_पिट (चाकण)
शुक्रवार, दुपारी १:१५

कच्चा अंदाज घेता येतो. पुढची चाकं उचला, चाक फिरवत टायरच्या मधोमध खडू लावा आणि टोकदार खिळा एका जागी पक्का धरून चाक फिरवून बारीक रेघ ओढा. टायरच्या खाचा धरून मोजू नका, त्या रबराच्या असतात, सरळ नसतात. गाडी खाली घ्या, थोडी ढकला. आता चाकाच्या केंद्राच्या उंचीवर, डाव्या रेघेपासून उजव्या रेघेपर्यंतचं अंतर पुढून आणि मागून घ्या. मध्ये इंजिनचं सामान येतं म्हणून दोन्ही टोकांना ओळंबा सोडून जमिनीवर खूण करून मोजणं सोपं जातं. पुढचं अंतर कमी म्हणजे टो-इन. ७०० मिमी व्यासाच्या टायरला ३ मिमी फरक म्हणजे एकूण पाव अंशाच्या आसपास. मॅन्युअल अंशात बोलत असेल तर हा हिशोब कामाला येतो.

ह्यानं टो कळतो. कॅस्टर मात्र असा मोजत बसू नका, त्यासाठी मशीनवर याच.


सुभेदार_काका (सातारा)
शुक्रवार, दुपारी ३:००

बार कधी उतरवावा लागलाच तर लक्षात ठेवा. डावा आणि उजवा बार अदलाबदल करायचा नाही. बनवतानाच बारला एका दिशेनं जास्तीचा पीळ देऊन ठेवलेला असतो, त्यामुळे तो त्याच दिशेला जास्त टिकतो. उलट्या बाजूला बसवला तर लवकर बसतो किंवा तुटतो. टोकावर खूण असते, ती गंजात शोधा. आणि खाचांची जागा पंचानं खूण करून मगच काढा. पंच फक्त टोकावर आणि दांड्यावर, बारच्या मधल्या अंगावर कधीही नाही.

पिळलेल्या कांबेत सगळ्यात जास्त ताण तिच्या पृष्ठभागावर असतो. वरच्या उदाहरणात तो ५०० मेगापास्कलच्या घरात जातो, तेही गाडी उभी असताना. तिथं एक ओरखडा पडला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून बारला पाइप पाना लावायचा नाही, छिन्नी लागू द्यायची नाही, आणि जवळपास वेल्डिंग असेल तर ओलं गोणपाट गुंडाळायचं. बारवरचा रंग उडाला असेल तर साफ करून पुन्हा रंग मारा.


शिवारगाडी (नारायणगाव)
सोमवार, रात्री ८:५५

काम झालं, आकडे देतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

पाटे बसवल्यावर, गार्डसकट माप घेता यावं म्हणून गार्ड तात्पुरता परत टांगला होता. तेव्हा डावीकडे ३८, उजवीकडे ४३. गार्ड काढल्यावर ५० आणि ५५. काकांचा १२ चा अंदाज अगदी तंतोतंत.

राहिलेले ५ मिमी डाव्या बोल्टानं काढले. तेल मारून ठेवलं होतं, चाकं लोंबती ठेवून बोल्ट पाऊण फेऱ्यापेक्षा थोडा कमी फिरवला. खाली घेऊन, ढकलून, दाबून माप घेतलं: डावीकडे ५५, उजवीकडे ५४. उजव्या बोल्टाला हात लावलेला नाही. उजवी बाजू आपसूक १ नं उतरली.

मग मशीनवर गेलो. डावा टाय रॉड एंड सैल निघाला, तो बदलला. टो-आउट होता, आता मर्यादेत आहे. कॅम्बरचा डाव्या-उजव्यातला फरकही गेला. दोन्ही प्रिंट घेतले.

काल माळशेजला जाऊन आलो, रस्ता ओला होता. मुद्दाम मोकळ्या जागी ब्रेक मारून पाहिला, गाडी सरळ थांबली. नाक हललं नाही.

एक विचारायचं राहिलं. समोरच्या गाड्या दिवे मारून दाखवतात, आमचा उजेड डोळ्यांवर जातो म्हणून.


पानापेटी (कोल्हापूर)
सोमवार, रात्री ९:३०

नाक १२ मिमी वर गेलं आणि मागेही डावी बाजू उचलली गेली, उजेड बदलणारच. रात्री हौदा नेहमीइतका भरून भिंतीसमोर दिवे लावून घ्या, रिकाम्या गाडीवर लावलेत तर भरल्यावर पुन्हा वर जातील.

अजून एक काम बाकी आहे. मागच्या धुरीपासून चेसिसपर्यंत एक सळी गेलेली दिसते का बघा. ज्या पिकअपना ओझ्याप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो त्यांची ती सळी. पाटे बदलल्यानं मागची उंची बदलली, म्हणजे त्या व्हॉल्व्हला वाटणारं ओझंही बदललं. सळी असेल तर मॅन्युअलच्या मापाप्रमाणे लावून घ्या. आणि नव्या पाट्यांचे यू बोल्ट पाचशे-हजार किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा.


शिवारगाडी (नारायणगाव)
सोमवार, रात्री ९:४२

सळी आहे. उद्या सकाळीच बघतो, फोटो टाकतो.